मोजणीत उरलेलं घर

पांढरवाडी नवी वसाहत, ता. निलंगा
१२ जानेवारी २०२५

सुकन्या पोरी,

गुणामावशीचा आशीर्वाद घे. रागात असलीस तरी घे.

फोन लावून लावून बोट झिजलं, तू काही उचलत नाहीस. म्हणून कागद घेऊन बसले. तसंही फोनवर मला हल्ली मोकळं बोलता येत नाही. मी बोलायला लागले की माझी नात पाठीमागं येऊन उभी राहते. काही विचारत नाही, काही मागत नाही. नुसती उभी. लिहायला बसले की मात्र जवळ येत नाही. म्हणून पत्रच बरं.

माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळेत मी कधी बसले नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा शेजारच्या पोरांच्या पाटीवर गिरवून गिरवून जेवढं आलं तेवढं आलं. तूच म्हणायचीस, "मावशी, तुमच्या अक्षराला पाय फुटलेत, कागदाबाहेर चाललंय."

तुझी खोली रोज झाडते. जाताना चहाचं भांडं तसंच टाकून गेलीस, ते घासून पालथं घातलं. गावात मी सांगितलंय की बाई आजारी आहेत, इस्लापूरला माहेरी गेल्यात. बजरंग सरांनीही वर तसंच कळवलं. बिचारे चारी वर्ग एकट्यानं हाकून राहिलेत. पण मला ठाऊक आहे, तू आजारी नाहीस. तू भ्यालीस, आणि भ्यालीस त्याहून जास्त माझ्यावर रुसलीस.

वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात होतं. आंबील पिऊन, भज्जी खाऊन माणसं कडब्याच्या खोपीत लवंडली होती. आमच्या शेताला जुनं गाव लागूनच. तू पोरांना म्हणालीस, चला, शेवटची एकदा मोजायची फीत लावून बघू. तिथं जे झालं ते तू दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीपाशी बसून सांगितलंस, नि मी ते कानाआड केलं. आता तुझंच तुला सांगते, म्हणजे मी ऐकलं होतं हे तुला कळेल. पोरं गल्लीतनं रांगेनं चालली होती. कुंभाराच्या पडक्या घरापर्यंत सरळ. मग एकेक पोर वळसा घालून चावडीकडं गेलं. मोकळी जागा, दगड नाही, झाड नाही, तरी वळसा. तू म्हणालीस, "अरे, सरळ चाला की." तर पोरं म्हणाली, "बाई, मधी पाळणा हाय ना. लागंल." सगळीच्या सगळी एकदम बोलली. एकमेकांकडं न बघता.

मग तू मला विचारलंस, "मावशी, कुंभाराच्या नि चावडीच्या मधी कुणाचं घर होतं?" मी भाकरी थापत होते. म्हटलं, "तिथं उकिरडा होता." तू म्हणालीस, "पोरं तिथं उंबरा आहे म्हणतात. उकिरड्याला उंबरा असतो का?"

त्यावर मी तुझ्या शिकवण्याला जे बोलले, ते पुन्हा लिहवत नाही. पण तुझ्या त्या शिकवण्यावर मी जीव टाकत होते हे तुलाही ठाऊक आहे. दिवाळीनंतर लातूरचं ट्रेनिंग करून आलीस तेव्हा तुझं तोंड कसं उजळलं होतं! म्हणालीस, आता सगळ्या विषयांची सांगड घालायची. एकच गोष्ट घ्यायची, आपलं भूकंपात पडलेलं जुनं गाव. म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या, ती झाली मराठी. पडक्या गल्लीला फीत लावायची, ते झालं गणित. भिंती का पडल्या, डोक्यावरच्या माळवदाची माती कसली, तो परिसर अभ्यास. मग शाळेच्या ओसरीवर सगळं गाव मातीचं उभं करायचं, ती चित्रकला. आमच्या पुनमला चौथीत जाऊन आठचा पाढा येत नव्हता. तू वीतभर मातीला आठ पावलं असं माप धरलंस, नि पोरीनं आठवड्यात पाढा तर पाठ केलाच, वर मला विचारायला लागली, "आज्जे, आपल्या घरापासून चक्की किती विती?"

बजरंग सर कुरकुरायचे, तेही अगदी खोटं नव्हतं. "चाचणीत गाव विचारत न्हाईत मॅडम, भागाकार विचारतेत." दुकानदार ईश्वरप्पांचा नातू तर घरी रडला. सगळ्यात हुशार पोर, पण त्याला वहीतलं गणित हवं. बाई बरोबर-चूक सांगतच नाहीत म्हणून त्याची झोप उडाली. काही पोरं नुसती चिखलात हात घालून बसायची, वाचायचं नाव नको. हे सगळं तूही कबूल करायचीस.

पण गल्लीचं जे झालं ते तुझ्या सांगडीमुळंच झालं. म्हाताऱ्यांनी सांगितलेली घरं तू एका ओळीत मांडलीस, शेजारी फितीनं मोजलेली गल्ली मांडलीस, तर गल्ली लांब नि घरं कमी. मराठीचा तास सकाळी नि गणिताचा दुपारी असता तर हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. आठवणी आठवणींच्या जागी खऱ्या, फीत फितीच्या जागी खरी. तू दोन्ही शेजारी ठेवलंस नि मधी एका घराएवढं भोक पडलं.

पोरी, आता कामाचं लिहिते. लेक नि सून लातूरला एमआयडीसीत, पुनम माझ्या जिवावर सोडलेली. ती रोज शाळा सुटली की जुन्या गावाकडं जाते. "कामून जातीस गं?" विचारलं तर म्हणते, "पाठ अर्धा ऱ्हायलाय." जेवण कमी झालंय. हाक मारली तर आधी दुसरीकडं बघते, मग माझ्याकडं. मला त्या पोरीची लई धास्ती वाटते. तुझा पाठ तुलाच पुरा करता येईल. माझ्यासाठी नको, पुनमसाठी ये.

तुझी
गुणामावशी


२८ जानेवारी

सुकन्या,

पोस्टात पत्र टाकलं का म्हणून ईश्वरप्पांना तीनदा विचारलं. ते निलंग्याला दुकानाचा माल आणायला जातात, त्यांच्याच हाती दिलं होतं. म्हणाले, "गुणाबाई, टाकलं म्हणलं ना! आता पोस्टमन होऊन इस्लापूरला बी जाऊ काय?" म्हणजे पोचलं असणार. तरी उत्तर नाही.

इथं बजरंग सरांनी तुझी सांगड सोडवली. वेळापत्रक नव्यानं लावलं. पहिला तास पाढे, मग वाचन, मग परिसर, शेवटी चित्रकला. एका तासाचं वारं दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. मला म्हणाले, "मॅडमनी शाळेचं कालवण करून ठेवलं हुतं, मावशी. मी ताट नीट वाढून राहिलो. भाजी भाजीच्या जागी, भात भाताच्या जागी."

मी म्हटलं, "सर, पण खाणारं तोंड एकच हाय ना."

"तुमच्याशी बोलायचं म्हणजे माणसानं जेवून यावं."

"मग या की जेवायला. तुम्हाला कोण नको म्हणतंय!"

असं हसण्यावारी गेलं. ओसरीवरचं मातीचं गाव त्यांनी उचलून सामानाच्या खोलीत ठेवलं नि कुलूप लावलं. उचलताना मी होते. सगळी घरं वाळून खडखडीत झाली होती, भेगा पडल्या होत्या. ती मधली रिकामी जागा तेवढी ओली. सरांनी बोट लावून पाहिलं, बोटाला चिखल आला. म्हणाले, "वरून पत्रा गळत असंल." पोरी, जानेवारीत पत्रा कशानं गळेल?

झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी सर माझ्या वट्ट्यावर येऊन बसले. तोंड उतरलेलं. जेवायला बोलावलं होतं ते खरं, पण भाकरीकडं बघायला तयार नाहीत.

"मावशी, पोरं एकमेकाचं बघून लिहितेत का?"

"तुम्हाला ठाऊक. तुमच्यापुढं बसतेत."

"तेच तर. मी त्यांना वेगळं बसवलंय. पहिली-दुसरी आत, तिसरी ओसरीला, चौथी झाडाखाली."

मग सांगू लागले. चौथीला चित्रकलेत म्हटलं, मनातलं घर काढा. सगळ्यांनी एकच घर काढलं. दार गल्लीकडं नाही, गल्लीकडं पाठ केलेलं. असं दार ह्या गावात कुणाचंच नाही, नव्या वसाहतीत तर सगळी दारं सरकारनं ठरवलेली. दुसरीला वाचनाच्या तासाला कविता म्हणायला लावली. शब्द पुस्तकातले, चाल भलतीच. संथ. डोलत डोलत म्हणत होती पोरं, नि म्हणता म्हणता दोन झोपून गेली.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

सरांनी ताट बाजूला सारलं. "तिसरीला म्हणलं, आपल्या मनानं एक उदाहरण तयार करा. एक पोरगी उठून म्हणाली, सर, एका घरात एक पाळणा हाय. त्याची दोरी चार हात लांब. दोन हातांवर दोरी तुटली. तर आईचा हात पाळण्यापर्यंत पोचंल का?"

मी विचारलं, "तुम्ही काय उत्तर दिलं?"

"मी काय देणार! वजाबाकी आहे का काय आहे हेच कळंना. तर बाकीची पोरं एका सुरात म्हणाली, न्हाई पोचत."

मी चहा ठेवायला म्हणून आत गेले. चहा उतू गेला, स्टोव्ह विझला. सर बाहेरून हाका मारत होते, "मावशी, ओ मावशी, काय झालं?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

ते निघताना उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाले, "मी सगळे विषय वेगळे केले, मावशी. पण ते आतून एकमेकाला भेटून राहिलेत."

ये गं. आता पुनम एकटीची गोष्ट राहिली नाही.

गुणामावशी


१५ फेब्रुवारी

सुकन्या,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी ज्वारीच्या रानात पाखरं हाकत होते. तशीच आले, पायातला काटाही काढला नाही.

तू लिहितेस, भुताला भिऊन तू गेली नाहीस. पोरांनी तीनदा बरोबर मोजलं नि तू तीनदा त्यांना तुमचं चुकलं म्हणालीस. गावातली एवढी मोठी माणसं सांगतात तिथं काही नव्हतं, म्हणजे पोरंच चुकली असणार. त्यांचं बरोबर उत्तर तू आपल्या हातानं खोडलंस. आता खरं कळल्याशिवाय त्या वर्गात उभी राहणार नाहीस. मी आपली समजत होते तू मला टाकून गेलीस. तू तर त्या पोरांपुढं खजील होऊन गेलीस.

आणि शेवटी विचारतेस, ते घर कुणाचं?

पोरी, दुसरं काहीही विचार. कशात किती मीठ ते विचार, माझं कुठं काय दुखतं ते विचार.

पुनमचं मात्र तुला सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेववत नाही. शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर ती नेहमीसारखी निघाली, मी मागून गेले. ऊन चांगलं डोक्यावर आलेलं. जुन्या गावात तुला ठाऊकच आहे, येड्या बाभळी माजल्यात, नि भिंतींचे नुसते उंचवटे. भूकंपानंतर माती देऊन झाल्यावर मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. शेत इतकं लागून, पण बांधाच्या पलीकडं मान वळवली नव्हती. मला वाट सापडायची नाही असं वाटलं. पाय मात्र न विचारता चालले.

ती त्याच जागेत मांडी घालून बसली होती, माझ्याकडं पाठ करून. उजवा हात पुढं जात होता, मागं येत होता. पुढं, मागं. हातात काही नव्हतं. मी नीट पाहिलं, डोळ्यावर हात धरून पाहिलं, काही नव्हतं. पण हात ज्या ओढीनं मागं येत होता ती ओढ मोकळ्या हाताची नव्हती. आणि ती गात होती.

ते गाणं गावात कुणाला येत नाही. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या बाईच्या तोंडी नाही. ते ज्या बाईनं जुळवलं होतं तिनं त्यानंतर कधी गुणगुणलंसुद्धा नाही, भांडी घासताना नाही, तापात नाही. आपल्या पोटच्या लेकाला तिनं गाण्याशिवायच झोपवलं. हे मी तुला अगदी खात्रीनं सांगते.

मी हाक मारणार होते. त्याआधीच पुनम, मागं न बघता, हलक्या आवाजात म्हणाली, "आज्जे, उंबऱ्यावर उभी ऱ्हाऊ नको. आत तरी ये, न्हाईतर भाईर तरी जा. झोपमोड होती."

मी खाली पाहिलं. पायाखाली गवत नि माती. दगडाचा तुकडाही नाही. पण सुकन्या, मी जिथं उभी होते तिथंच उंबरा होता.

मी आत गेले नाही. बाहेरही गेले नाही. पुनमच उठली, माझा हात धरला नि आम्ही घरी आलो. घरी तिचे हात धुतले तर उजव्या तळव्यावर वळ. काथ्याची दोरी ओढून ओढून पडतो तसा.

मी म्हटलं, "पुन्हा जायचं न्हाई तिथं."

तर म्हणाली, "मग कोण झोका देईल? तू देतीस?"

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी बजरंग सरांना वाचून दाखवली. पाठाचा शेवट म्हणजे गावापुढं मांडणी. पोरांनी एकेका घरावर बोट ठेवायचं, त्या घरच्या माणसानं उठून "हे आमचं" म्हणायचं. आणि जिथं पोरांना कळलं नाही तिथं लपवायचं नाही, उघड गावालाच विचारायचं. सर म्हणाले, "घेऊन टाकू, मावशी. अर्धा पाठ लई वाईट. माझ्याच्यानं आता ही पोरं आवरत न्हाईत." शिवरात्रीनंतरचा रविवार धरलाय.

तू असावीस असं फार वाटतं. पण तुझी अट मला मान्य आहे. आधी खरं, मग तू.

गुणामावशी


९ मार्च

माझ्या लाडक्या सुकन्याबाई,

मांडणी झाली. सगळं सांगते, मधी थांबवू नकोस.

दुपार कलल्यावर शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. माणसं मोप आली. आधी चेष्टाच चालली होती. ईश्वरप्पा म्हणाले, "सर, आमचं दुकान जरा मोठं करायला सांगा पोरांना, लई उधार मावायचं त्यात." बजरंग सरांनी कुलूप काढलं, चौघांनी मातीचं गाव धरून आणलं नि मधोमध ठेवलं. ती जागा अजून ओली होती. उन्हात चमकली, सगळ्यांनी बघितली. चेष्टा थांबली.

एकेक पोर उठायचं, घरावर बोट ठेवायचं, आपण काय काय शिकलो ते सांगायचं. ईश्वरप्पांच्या नातवानं भिंतीची रुंदी सांगितली, मातीचं वजन सांगितलं, माळवद का कोसळलं ते सांगितलं, नि मग त्याच दमात आजीची आठवणही सांगितली. तेच पोर गं, ज्याला वहीतलं गणित हवं होतं. माणसं उठत होती. "हे आमचं." "हे आमचं." काही घरांना उठायला एकच माणूस उरलेलं. काहींना कुणीच नव्हतं, तिथं शेजारी उठले.

मग पुनम उठली. तिनं त्या ओल्या जागेत बोट टेकवलं नि म्हणाली, "हितं मोजणीत एक घर उरतं. आम्ही तीनदा मोजलं. ते कुणाचं, आम्हाला कुणी सांगितलं न्हाई. गावानं सांगावं."

पोरी, शंभरावर माणूस, पण कुणी माझ्याकडं बघितलं नाही. बायकांनी मान खाली घातली. म्हातारे टोपी काढून तिच्यातच बघत बसले. एवढ्या वर्षांत ह्या गावानं मला असंच, न बघून, सांभाळलं. पुनम थांबली होती. तिला कसली घाई नव्हती.

मी उठले. म्हटलं, "हे आमचं."

नंतर जे बोलले ते जसं आलं तसं बोलले. शेषेरावांशी लग्न होण्याआधी माझं एक घर होतं. माझ्या पहिल्या नवऱ्याचं, नरहरीचं घर. दार गल्लीकडं पाठ केलेलं, कारण त्याला येरवाळी उठून बैलांकडं बघत चूळ भरायची हौस. श्रावणात मुलगी झाली. आजारपणानं बारसं लांबलं, म्हटलं गणपती जाऊ दे, मग करू. गणपती बुडवून आलो, नि पहाटे जमीन हलली. मी आडवी पडले होते, हातात पाळण्याची दोरी. माळवद आलं ते सगळं एकदम. उजेड गेला. दोरी ओढली तर हलकी आली. तुटली होती. ती रडत होती, मला ऐकू येत होतं, हात पुढं केला, पोचत नव्हता. मी गात राहिले. ती गप्प झाली तेव्हा मला वाटलं, झोपली.

घरातनं मला एकटीला जिवंत काढलं तेव्हा दोरीचा तुकडा मुठीत होता. तो मी मातीतच टाकला. कुणी बघितला नव्हता, मी कुणाला सांगितलं नव्हतं, शेषेरावांनाही नाही. तिसरीतल्या त्या पोरीला कुणी सांगितलं, ते मला ठाऊक नाही.

ईश्वरप्पा उभे राहिले. म्हणाले, "गुणाबाई, शेडात तुझं नि शेषेरावाचं लग्न लावलं, तवा माझ्या बापानं सगळ्या गावाला शपथ घातली हुती. ही पोर पुन्हा उभी ऱ्हायची असंल तर तिच्यासमोर त्या घराचं नाव कुणी काढायचं न्हाई. आम्ही काढलं न्हाई. पोरं विचारायला आली, तवा बी न्हाई. तुला जपायला, बाई."

मी म्हटलं, "आणि मला वाटत होतं, तुम्ही सगळे विसरलात. तिला बघितलेलं माणूसच उरलं नाही, असं समजून मी जगले."

"विसरतंय कोण!" मागून एक म्हातारी ओरडली. "दिडकीएवढा तीळ हुता तिच्या पायावर. मी न्हाऊ घालायला येत हुते की!"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी तिचं नाक सांगितलं, कुणी रडणं. कुणी शिवलेलं टोपडं सांगितलं, बारशासाठी ठेवलेलं, तेही मातीत गेलं. एवढ्या वर्षांचं तुंबलेलं. मी मधी बसून ऐकत होते, रडत होते, हसतही होते.

पुनमनं मात्र अजून बोट उचललं नव्हतं. तिनं विचारलं, "आज्जे, नाव काय तिचं?"

ठेवलंच नव्हतं. पण मनात धरलं होतं, नरहरीलाही सांगितलं नव्हतं. ते मी मोठ्यानं म्हटलं, "सिंधु." बजरंग सरांनी कागदाच्या पट्टीवर लिहून दिलं, पुनमनं काडीला लावून ते त्या जागी रोवलं. दुसऱ्या दिवशी माती वाळली होती.

आता तुला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं.

पुनम पोटभर जेवते. हाक मारली की माझ्याकडंच बघते. जुन्या गावाला जात नाही. मी एकदा सहज विचारलं, "आता झोका द्यायला जात न्हाईस का गं?" ती पाटीवर काही लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "तीच येऊन राहिली ना आता."

काल बजरंग सर आले. आधीसारखे उतरलेल्या तोंडानं नाही, पण जरा दबकत. म्हणाले, "मावशी, एक सांगू? हसू नका." हजेरी घेताना शेवटचं नाव झालं की एक "हजर" जास्त येतं. बारीक आवाज, दारापासून. पहिल्या दिवशी दरडावून विचारलं, "कोण बोललं?" तर पोरं अगदी साधेपणानं म्हणाली, "सिंधु, सर. ती नवी हाय. तिला काहीच येत न्हाई." नि सगळ्यांनी सरकून जागा केली.

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार! बसू दिलं. पण तिला शिकवायचं कसं, मावशी? आधी पाढे घ्यावे का आधी अक्षरं? कुठल्या तासाला बसवू?"

मी म्हटलं, थांबा. ते सुकन्याबाई ठरवतील. तिनं एकाही विषयाचं तोंड पाहिलेलं नाही. आंबील कशी लागते ते नाही, पाऊस नाही, एक अधिक एक नाही. तिला सगळं एकदमच द्यावं लागेल, नि ते ह्या शाळेत एकाच माणसाला येतं.

त्यावर सर म्हणाले, तुमच्या मॅडमचा फोन येऊन गेला, खरं कळलं एवढंच मी सांगितलं, सोमवारी रुजू होतेत. सोमवार उद्यावर आला. पत्र तोवर तुझ्या हाती पडायचं नाही, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. तुझ्या खोलीत उशाशी ठेवते. शाळेत जायच्या आधी वाच.

पोरांपुढं खजील होऊ नकोस, ती तुझी वाट बघतात. खोडलेलं उत्तर फळ्यावर पुन्हा लिही, बस तेवढंच. आणि हजेरी घेशील तेव्हा शेवटच्या नावानंतर मस्टर लगेच मिटू नकोस. जरा थांब.

तुझी आणि सिंधुची, दोघींची आई,
गुणा